उभं राहून सांगितलेलं

ब्लॉग बंद होणार ही बातमी मला गल्लीतल्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याने फोनवर दिली, आणि तीही अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पडण्याची बातमी देऊन झाल्यावर, जाता जाता. "ताई, अप्पा पायरीवरून घसरलेत. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करायचं म्हणतात. तुम्ही निघाच. आणि हो, ज्यांच्याकडे आपला ब्लॉग आहे ना, ते लोक पुढच्या महिनाअखेरीला गाशा गुंडाळतायत. सगळं पुसलं जाणार. तेही बघून घ्या." या माणसाला रेडिओ आणि माणूस यांतला फरक आयुष्यभर कळलेला नाही. दोन्ही बिघडल्याचं तो एकाच आवाजात सांगतो.

मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात लोकांना वेळा देण्याचं काम करते. न्हाव्याच्या मुलीची खुर्ची काही सुटली नाही, असं आई असती तर म्हणाली असती. फरक एवढाच, की अप्पांच्या खुर्चीत बसलेला माणूस बोलायचा थांबत नसे आणि आमच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेल्याला 'आ' सोडून काही बोलता येत नाही. मी रजा टाकली, बॅग भरली आणि निघाले. गाडीत बसल्यावर हाडाची काळजी करायची सोडून मी ब्लॉगचाच विचार करत होते. हाड बसवायला डॉक्टर होते. ब्लॉगचं सगळं माझ्यावरच होतं.

आम्ही 'वरचे'. धरण झालं तेव्हा खोऱ्याच्या वरच्या अंगाची गावं पाण्याखाली गेली आणि तिथली माणसं या शहराच्या कडेला आणून बसवली. राहायला मिळाली ती शहरातली सगळ्यात सखल जमीन, पण शहराने नाव ठेवलं ते वरचे. वरच्यांची गल्ली, वरच्यांचा नळ, वरच्यांसारखं बोलू नकोस. माझा जन्म शहरातलाच, तरी शाळेत मी वरचीच. मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागच्या बाकावरून कुणीतरी माझा हेल काढून दाखवायचं आणि वर्ग हसायचा. मीही हसायचे, आणि घरी येऊन आईवर चिडचिड करायचे.

शाळेच्या, नोकरीच्या, दवाखान्याच्या, सगळ्या फॉर्मांवर 'मूळ गाव' असा एक रकाना असे. आई तिथे बुडालेल्या गावाचं नाव सांगे. खिडकीतला कारकून म्हणे, "ते गाव यादीत नाही, बाई. रिकामं सोडा." आई म्हणे, "रिकामं कसं सोडू? मी काय आकाशातून पडले?" मग कारकून आडवी रेघ मारे. घरी येताना आई रस्ताभर धुसफुसत असे आणि मी तिच्या मागून मान खाली घालून चालत असे. ब्लॉगचा जन्म या आडव्या रेघेतून झाला असं मी पुढे एकदा लिहिलं होतं. जरा भारदस्त वाटावं म्हणून लिहिलं होतं, पण खोटं नव्हतं.

प्रत्यक्षात ब्लॉगचा जन्म दुकानातल्या पडद्यामागे झाला. अप्पांचं दुकान म्हणजे एक खुर्ची, एक मोठा आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि मागे पडदा. पडद्यामागे पाणी तापवायची शेगडी असे. मी कॉलेजात असताना दुरुस्तीवाल्याने इकडचे तिकडचे सुटे भाग जोडून एक कॉम्प्युटर बनवला आणि तो शेगडीशेजारी आणून ठेवला. त्याचं म्हणणं, इथे सारखी ऊब असते, यंत्राला बरं. यंत्राला ऊब चालत नाही हे त्याला पुढे कळलं. तोवर त्याचा पंखा दोनदा जळून गेला होता.

ते दिवस आठवले की मला अजून तुरटीचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास एकदम येतो. फोनची तार काढून कॉम्प्युटरला लावायची, मग तो कोंबडा दाबल्यासारखा ओरडायचा, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. आई पायरीवरून सगळ्या गल्लीला सांगायची, "आता कुणी मेलं तरी कळायचं नाही. आमची पोरगी जगाशी बोलतेय." अक्षरं उमटायची ती निम्मी तुटलेली. वेलांटी एकीकडे, काना दुसरीकडे. एक नोंद चढवायला अख्खी दुपार जायची. मला त्यातली एकही दुपार वाया गेल्यासारखी वाटत नाही. तेवढी मी पुन्हा कधी कशात रमलेच नाही.

लिहायला विषय शोधावे लागत नव्हते. पडद्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे अख्खी गल्ली. कुणाचं घर कुठे होतं, कोणत्या वळणावर कुणाची विहीर होती, नळाला पाणी का येत नाही, जमिनीचा मोबदला कुणाला मिळाला आणि कुणाला नुसते हेलपाटे, पोरांना शाळेत काय ऐकावं लागतं, सगळं साबणाच्या फेसाबरोबर बाहेर पडायचं. पहिल्याच आठवड्यात मी दूधवाल्याचं एक खरमरीत बोलणं जसंच्या तसं टिपलं आणि अप्पांना वाचून दाखवलं. मला वाटलं, खूश होतील.

अप्पा म्हणाले, "हे नाही टाकायचं."

"का? त्यांनी तर सगळ्यांसमोर सांगितलं."

"खुर्चीत सांगितलं. खुर्चीतलं बोलणं मोजायचं नसतं. गळ्याशी वस्तरा असला की माणूस समोरच्याला आवडेल ते बोलतो. अंगावरचं कापड काढलं, उठला, पैसे दिले, आणि उभं राहून तेच पुन्हा म्हणाला, तरच लिही."

मला हा शुद्ध आडमुठेपणा वाटला. पण दुकान त्यांचं होतं, म्हणजे निदान मी तसं समजत होते. ते स्वतः कधी 'माझं दुकान' म्हणत नसत. 'हे दुकान' म्हणत. ती त्यांची बोलायची तऱ्हा असेल म्हणून मी कधी लक्ष दिलं नाही.

तर तोच नियम झाला. दाढी झाली, तुरटी फिरली, कापड झटकलं, की अप्पा गिऱ्हाइकाला विचारत, "मघाचं पोरगी लिहून घेऊ म्हणतेय. उभ्याने सांगतोस का?" निम्मे लोक तिथेच गळत. "अहो, ते आपलं असंच," म्हणून चपला घालत. उरलेले आरशासमोर उभे राहून, केस नीट करत, सावकाश सांगत. आणि गंमत अशी, की उभं राहिलं की त्यांचं बोलणं बदलायचं. शिव्या कमी व्हायच्या, नावं आणि जागा नेमक्या यायच्या. बायका दुकानात येत नसत, पायरीपाशी उभ्या राहूनच बोलायच्या, त्यामुळे त्यांचं सगळं आपोआप मोजलं जाई. ब्लॉगवर बायकांचंच जास्त का, असं लोक मला पुढे विचारायचे, आणि त्यामागे माझा काहीतरी मोठा विचार असेल असं समजायचे. मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. प्रत्येक नोंदीच्या वर मी एक ओळ टाकत असे. 'दूधवाल्याने उभं राहून सांगितलेलं.' 'शिवणकामवाल्या मावशींनी उभं राहून सांगितलेलं.' तीच आमची सही झाली.

ब्लॉग हळूहळू वाचला जाऊ लागला. बाकावर रोज पेपर वाचणारे निवृत्त मास्तर, पक्के शहरातले, म्हणायचे, "मुली, ही काय लिहायची भाषा झाली? जरा शुद्ध करून घे." मी म्हणायचे, "मास्तर, माणसं अशीच बोलतात." "मग माणसं शुद्ध कर," म्हणायचे. पुढे 'एक हितचिंतक' या नावाने ब्लॉगवर प्रतिक्रिया यायला लागल्या. त्यात प्रत्येक स्वल्पविराम जागच्या जागी असायचा. अख्ख्या गल्लीने मास्तरांना ओळखलं होतं, पण कुणी ताकास तूर लागू दिली नाही. 'मूळ गाव' या रकान्यावर आम्ही नोंदींमागून नोंदी टाकल्या तेव्हा या हितचिंतकानेच ठासून लिहिलं, की गाव बुडालं म्हणून तिथल्या माणसाचं मूळ बुडत नाही, आणि कचेरीने आडवी रेघ मारणं थांबवावं. गल्लीतल्या बायका ती पानं छापून घेऊन कचेरीत जाऊन बसल्या. वर्ष गेलं, साहेब बदलले, आणि शेवटी गावांची नावं यादीत आली. आईने कुठल्याशा फॉर्मवर ते नाव पहिल्यांदा जसंच्या तसं लिहिलेलं पाहिलं आणि ती त्या खिडकीशीच रडली. मीही रडले. कारकूनही जरा गोंधळला.

दूरदूरच्या वरच्यांचेही निरोप यायला लागले. कुणी बंदरावर कामाला, कुणी परदेशात. "माझ्या आजोबांच्या घराशेजारी चिंच होती, कुणाला आठवते का?" असं कुणी विचारायचं, आणि दुसऱ्या टोकाचा कुणीतरी लिहायचा, की आठवते, तिच्यावरून मी पडलोय. मी ते अप्पांना वाचून दाखवायचे. ते कातरी थांबवून ऐकायचे.

अशीच एक दिवस एक प्रतिक्रिया आली. खाली नाव होतं 'थोरल्याची'. लिहिलं होतं, 'सगळ्यांचं आलं. न्हाव्याचं कुठे आहे? ते माझे काका. माझे वडील त्यांच्याशी का बोलत नसत, ते काकांनी लिहावं.'

अप्पांना एक थोरला भाऊ होता एवढंच मला माहीत होतं. धरणाच्या वेळी तो बायको आणि तान्ही मुलगी घेऊन कुठेतरी निघून गेला, प्लॉट घेतला नाही, परत आला नाही. बऱ्याच वर्षांनी तो गेल्याचं उडत उडत कळलं, तेव्हा अप्पांनी दिवसभर दुकान बंद ठेवलं होतं. म्हणजे ही माझी चुलत बहीण. मला सख्खी बहीण नाही. मी आनंदाने पडद्याबाहेर आले आणि वाचून दाखवलं. अप्पांनी वस्तरा पट्ट्यावर घासायला घेतला, आणि घासतच राहिले. मग म्हणाले, "सांगू सावकाश."

मी तिला लिहिलं, की तू कुठे असतेस, पत्ता दे, फोन दे. तिने लिहिलं, 'आधी काकांचं उत्तर येऊ दे.' हट्टीपणात ती माझी बहीण शोभत होती. तेव्हापासून वर्षातून एकदा, कधी दोनदा, ती यायची. एखाद्या नोंदीखाली दोन शब्द लिहायची, आणि शेवटी, 'न्हाव्याचं अजून आलं नाही.' मी अप्पांना सांगायचे. अप्पा विषयाला बगल द्यायचे. आई गेली, माझं लग्न झालं आणि मोडलं, मी शहर सोडलं, ब्लॉगवर नवीन काही येईनासं झालं, लोक दुसरीकडे लिहायला लागले. तरी ती येतच राहिली. ओसाड घराची कडी वाजवावी तशी. तिच्यापर्यंत पोचायची माझ्याकडे दुसरी कुठलीही वाट नव्हती. ब्लॉग पुसला गेला की ती गेली. गाडीत बसून मी जो विचार करत होते तो हा.

ऑपरेशन नीट झालं. अप्पा घरी आले ते मात्र हिरमुसून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धरून उभं करा, रोज थोडं. अप्पा उभं राहायचं नाव काढत नव्हते. त्यांच्यासाठी आणलेल्या वॉकरवर टॉवेल वाळत होता. फक्त एक हट्ट धरला, की दिवसा मला दुकानात बसवा. दुरुस्तीवाला रोज सकाळी त्यांना उचलून दुकानातल्या खुर्चीत ठेवायचा. आयुष्यभर ज्या खुर्चीमागे ते उभे राहिले, तिच्यात त्यांना बसलेलं बघताना मला आधी हसू यायचं आणि मग यायचं नाही.

मी पडद्यामागे बसून जुन्या नोंदी उतरवून ठेवत होते. नोंदी वाचवता येत होत्या. बहीण वाचवता येत नव्हती. एका सकाळी मला राहवलं नाही. अप्पांच्या अंगावर कापड टाकलं, फेस केला आणि दाढी करता करता म्हटलं, "अप्पा, महिना संपत आला. थोरल्या काकांच्या मुलीला काय कळवू? एवढंच कळवते, की अप्पा सांगत नाहीत."

ते आरशात माझ्याकडे बघत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच होता. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"धरणाचा साहेब गावात सुनावणीला यायचा होता. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. साहेब विचारणार, विरोध कुणाचा आहे, त्यांनी उभं राहा. तेव्हा सगळ्यांनी उठायचं. पण पहिला कोण उठणार? लोक घाबरलेले. थोरला म्हणाला, पहिला मी. माझ्याकडे बघून म्हणाला, दुसरा तू. दोघे भाऊ उठले की बाकीचे आपसूक उठतील. मी हो म्हटलं.

"सकाळी साहेबाने दाढीला मला बोलावलं. भला माणूस होता. कापड टाकलं, फेस लावला, तर मला विचारतो, तुझं कसं होणार रे? तुझी गिऱ्हाइकं पांगतील. शहरात रस्त्याला लागून एक गाळा आहे, तो तुझ्या नावे करून देतो. गडबड तेवढी करू नकोस. मी काही बोललो नाही. दाढी पुरी केली.

"शाळेच्या पटांगणात सगळे बसले होते. साहेबाने विचारलं. थोरला उठला. एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होतो. मी नाही उठलो, म्हणून मागचेही नाही उठले. तो एकटाच उभा राहिला. साहेबाचा चहा होईपर्यंत, कागद आवरेपर्यंत, गाडी जाईपर्यंत उभा होता. साहेबाने कागदावर एकमताने असं लिहिलं."

माझ्या हातातला वस्तरा मी फळीवर ठेवला. "म्हणजे हे दुकान..."

"तेच. साहेबाने खुर्चीत बसून दिलेला शब्द पाळला. मी भावाला दिलेला नाही पाळला."

मला राग आला, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. याच दुकानावर मी शिकले, याच पडद्यामागे बसून आमच्या हक्कांचं लिहिलं, आणि हे मूग गिळून तिथेच चार पावलांवर केस कापत होते. मी म्हटलं, "अप्पा, सगळ्या गल्लीला तुम्ही उभं करून बोलायला लावलंत."

"उभं राहायला काय लागतं ते ठाऊक होतं म्हणूनच लावलं." त्यांनी कापडाखालून हात काढून गालावरचा फेस चाचपला. "आई जाताना म्हणाली होती, पोरीला सांगा. तिला माहीत होतं. तिलाही मी सावकाशच म्हटलं."

फेस त्यांच्या गालावर वाळत चालला होता. मी तो पुसला, नवा केला, आणि उरलेली दाढी पुरी केली, कारण माझे हात रिकामे राहिले असते तर मी आणखी काहीतरी बोलले असते. तुरटी फिरवली. कापड काढलं. मग सवयीने, खरंच नुसत्या सवयीने, मी म्हटलं, "लिहून घेऊ?"

"लिही."

"पण नियम तुमचाच आहे. उभं राहून सांगितलं तरच." मला वाटलं, एवढ्या निमित्ताने तरी उठायचा प्रयत्न करतील. मी वॉकर पुढे सरकवला.

अप्पांनी तो हाताने बाजूला केला. "पाय धड होते तेव्हा उठलो नाही. आता लोकांनी धरून उभं केलं म्हणून ते उभं राहणं होत नाही. न्हाव्याने बसून सांगितलं असं लिही. सगळ्यात वर लिही."

मी दुपारभर लिहीत होते. पूर्वी लिहायचे तशी, पडद्यामागे, आणि हात पूर्वीसारखेच घाईत. राग ओसरला होता आणि मला त्या तरण्या पोराची दया यायला लागली होती, जो पटांगणात मान खाली घालून बसला होता. म्हणून मी थोडी सारवासारव केली. वय लहान होतं, साहेबाचा धाक होता, संसार नुकता मांडला होता, असं एक वाक्य घातलं. संध्याकाळी अप्पांना सगळं वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. त्या वाक्याशी त्यांनी डोळे उघडले.

"धाक कसला? साहेब गोड बोलत होता. ते काढ."

"अहो, पण तुमचं वय तरी..."

"थोरला माझ्याहून काही फार मोठा नव्हता. काढ म्हटलं ना."

मी काढलं. 'न्हाव्याने बसून सांगितलेलं' अशी ओळ वर टाकली आणि नोंद चढवली. आता फोनची तार काढावी लागत नव्हती, काही ओरडलं नाही, एका क्षणात गेली. मला ते फार सुनं वाटलं.

गल्लीत बातमी फिरायला वेळ लागला नाही. दोघेतिघे जुने वरचे दुकानाच्या पायरीपर्यंत आले, आत बघितलं, आणि परत फिरले. दूधवाला मात्र आत आला. तोही त्या पटांगणात होता, बापाच्या शेजारी बसलेला. तो बाकावर बसला, बराच वेळ पेपर चाळला, आणि जाताना म्हणाला, "माझे वडीलही नाही उठले. तुझ्या एकट्याने काय होणार होतं." अप्पा म्हणाले, "दोघं झालो असतो." दूधवाला मान हलवत गेला.

त्यानंतर अप्पांनी मला भंडावून सोडलं. "आलं का काही?" सकाळी उठलं की तेच, दुपारी तेच. मी म्हणायचे, "अप्पा, ती वर्षातून एकदा येते. काल येऊन गेली असेल तर?" आणि पुन्हा थोड्या वेळाने, "बघ तर." दुरुस्तीवाल्याने त्यांच्या समाधानासाठी माझा फोन त्यांच्या मांडीवर ठेवून दिला. त्यांना त्यात काही दिसत नव्हतं, तरी धरून बसायचे. महिना संपत होता. मी मनातून आशा सोडली होती, आणि त्यांना ते कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते.

ब्लॉग बंद व्हायच्या आदल्या दिवशी प्रतिक्रिया आली. मी पडद्यामागे एकटीने वाचली. मग ती कागदावर उतरवून बाहेर आले, अप्पांच्या समोर, आरसा पाठीशी ठेवून उभी राहिले आणि मोठ्याने वाचली.

'थोरल्याची. काका, हे सगळं मला माहीत होतं. बाबांनी सांगितलं होतं. आईने कितीदा म्हटलं, त्यांना पत्र टाकते. बाबा टाकू देत नसत. म्हणत, तो स्वतः सांगेल, आज ना उद्या सांगेल, तोवर थांबू. ते थांबले तेवढे थांबले. पुढे मी थांबले. धाकटे, खाली माझा नंबर दिला आहे, उतरवून घे. मी रविवारी येते. काका, दुरुस्तीवाल्यांनी खाली लिहिलंय की तुमचा पाय मोडलाय. मी आले की उठू नका. बसूनच बोलू.'

मला समोरचं दिसेना. मी तशीच उभी राहून नाक पुसत होते. अप्पांनी मांडीवरचा फोन उचलून आरशाखालच्या फळीवर ठेवला. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट रोवले आणि पुढे झुकले. चेहरा दुखण्याने वेडावाकडा झाला होता.

"अप्पा, काय करताय? ती उठू नका म्हणतेय."

"ती म्हणेल," अप्पा म्हणाले. "रविवारला अजून वेळ आहे. तू धर जरा."